फोनुआ फुकट गेला का

तीन हिवाळे आमच्या शहरात हा एकच प्रश्न होता. टोलेडोत न्हाव्याच्या खुर्चीत बसा, बेकरीच्या रांगेत उभे राहा, कोणीतरी विचारणारच, की सेमिसी फोनुआ फुकट गेला का? माझ्या दाताच्या डॉक्टरने तर तोंडात अवजार घालून मलाच विचारलं. मला उत्तर देता येईना, आणि खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं.

मी रॉस बालोग. टोलेडोच्या पूर्वेकडच्या हंगेरियन वस्तीत वाढलो. वडील एकतीस वर्षं काचेच्या कारखान्यात भट्टीवर होते. आमच्या टीमचं, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या अमेरिकी फुटबॉलच्या टीमचं, नाव ग्लेझियर्स, पण गावात सगळे नुसतं ‘काचवाले’ म्हणतात. दर वसंतात कॉलेजातून निघालेल्या खेळाडूंचा ड्राफ्ट होतो, एकेक टीम पाळीपाळीने आपला माणूस उचलते. त्या वर्षी काचवाल्यांनी सेमिसीला उचलला तो साऱ्या देशात चौथा. मला उचलला तो दोनशे एक्कावन्नावा. माझा फोन वाजला तोवर टीव्हीवाले वायरी गुंडाळत होते आणि वडील कचरा टाकायला बाहेर गेले होते. त्यांना शेजाऱ्याकडून कळलं.

सेमिसी टेक्ससमधला, तिथे टोंगा बेटांवरून आलेल्या टोंगन लोकांच्या वस्तीतला. दीडशे किलोचा, मांड्या लाकडाच्या ओंडक्यांसारख्या, आणि आवाज असा खालचा की बोलला तर बाकाला कंप सुटायचा. चौथ्या नंबरवर घेतलेला बचावातला गडी म्हटल्यावर लोकांनी काय काय स्वप्नं पाहिली होती. हा समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या त्यांच्या म्होरक्याला, दर रविवारी दोनदा मातीत लोळवेल, उड्या मारेल, नाचेल. सेमिसी यातलं काहीच करेना.

तो काय करायचा ते सांगतो. पहिल्या रांगेत, अगदी मधोमध, हात जमिनीला टेकवून वाकायचा. त्याच्यामागे चार पावलांवर मी उभा. चेंडू हलला की समोरचे दोन आडदांड गडी एकदम सेमिसीवर तुटून पडत. तो मागे सरकत नसे. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. दोघांना अंगावर घेऊन तिथेच. त्या दोघांपैकी एकाने जरी त्याला सोडलं, तरी सेमिसी उरलेल्या एकाला उचलून बाजूला ठेवी. म्हणून ते सोडत नसत. त्यामुळे मी मोकळा. चेंडू घेऊन पळणारा दिसला की सुसाट जायचं आणि त्याला आडवा करायचं. अशी प्रत्येक पकड लिहिली जाते, पाडणाऱ्याच्या नावासमोर. पाडणाऱ्याला मोकळा कोणी ठेवला, हे लिहायला त्या कागदावर जागाच नाही.

पहिल्या वर्षी माझ्या एकशे एकतीस पकडी झाल्या. सेमिसीच्या बावीस. दुसऱ्या वर्षी माझ्या एकशे अठ्ठेचाळीस आणि त्याच्या एकोणीस. मी गावचा पोरगा, कोणी न विचारलेला, आता देशातल्या नावाजलेल्यांत. माझं चित्र पुलाच्या कमानीवर लागलं. सेमिसीचं नाव पडलं ‘उभा ट्रक’. “ट्रक हलला का रे आज?” असं माणसं एकमेकांना सोमवारी सकाळी विचारत. एका पठ्ठ्याने चादरीएवढी पार्किंगच्या दंडाची पावती रंगवून आणली आणि स्टेडियमच्या कठड्यावर टांगली. माझे वडील त्या पावतीखाली उभं राहून हसतानाचा फोटो आमच्या स्वयंपाकघरात कितीतरी दिवस होता.

या सगळ्याला रोज दुपारी हवा घालणारी बाई म्हणजे कॉनी ड्रेसलर. रेडिओवर दोन ते सहा तिचा कार्यक्रम. पूर्वी ती कोर्टाच्या बातम्या देत असे, त्यामुळे कोणालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं विचारायची. दुष्ट नव्हती. गुळमुळीत उत्तर मात्र तिला खपत नसे. दर शुक्रवारी ती श्रोत्यांची मतं घ्यायची, फोनुआ फुकट गेला का, हो की नाही. ‘हो’ कधी ऐंशी टक्क्यांच्या खाली आलं नाही.

आता माझं सांगतो. मला पहिल्या महिन्यापासून माहीत होतं. सामन्याची फिल्म आम्ही दर सोमवारी बघतो आणि मला डोळे आहेत. माझ्या एकेका पकडीच्या आधी सेमिसीच्या चौऱ्याण्णव नंबरच्या जर्सीवर दोन माणसं लोंबकळताना मी पाहिली होती. दुसरं वर्ष संपताना एका पत्रकाराने मला सरळच विचारलं, की टीमने सेमिसीला पुढच्या वर्षीही ठेवावं का. माझ्यासमोर सात-आठ माइक होते. मी म्हणालो, तो निर्णय वरच्यांचा आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: बालोगनेही बाजू घेतली नाही.

सेमिसीने ते वाचलं होतं. त्याची आई टेक्ससहून बर्फात घालून लू पाठवायची. अळूसारख्या पानांत मांस आणि नारळाचं दूध बांधून मंद शिजवलेलं. एक पुडकं तो नेहमी माझ्यासाठी काढून ठेवी. त्या सकाळीही ते माझ्या खणात होतं, कोमट करून. मी ते खाल्लं. चवही लागली. हे सांगताना आजही मला बरं वाटत नाही.

तिसऱ्या वर्षी, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, सेमिसीचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी महिनाभर बसायला सांगितलं. कॉनीच्या कार्यक्रमात एक माणूस म्हणाला की चला, आता तिथे एखादा हलणारा तरी येईल.

तो नसतानाचा पहिला सामना, त्यातली पहिलीच खेळी. चेंडू हलला, मी नेहमीसारखा दोन पावलं पुढे झालो आणि समोरून एक दीडशे किलोचा माणूस थेट माझ्या छातीवर आला. तीन वर्षांत असं झालं नव्हतं. मी पाठीवर पडलो तेव्हा मला आधी वाटलं काहीतरी चूक झाली असेल. दुसऱ्या खेळीलाही तेच. तिसऱ्यालाही. सेमिसीच्या जागी आणलेला गडी काही वाईट नव्हता. एकाला तो पुरून उरायचा. पण त्याला एकच माणूस पुरे होता, म्हणून दुसरा माझ्या वाट्याला यायचा. आम्ही तो सामना हरलो, पुढचाही, त्याच्या पुढचाही. कॉनीने नवा प्रश्न काढला: बालोग थकला का?

रविवारी जेवताना वडिलांनी बशी बाजूला सारली आणि म्हणाले, “तुला झालंय काय? हात लागायच्या आत पडतोस.”

मी म्हणालो, पाय घसरतोय. सव्वीस वर्षांचा घोडा बापाशी खोटं बोलत बसला होता.

सोमवारी मी सेमिसीला शोधत उपचारखोलीत गेलो. तो बर्फाच्या पाण्याच्या टाकीत बसला होता, गळ्यापर्यंत, आणि चर्चमधलं काहीतरी गुणगुणत होता. चर्चच्या गायकांमध्ये त्याचा खालचा सूर होता. मी टाकीच्या कडेला पालथी बादली ठेवून बसलो.

“सेमिसी, माझ्या सगळ्या पकडी तुझ्या आहेत,” मी म्हणालो.

“नाहीत रे. पकडी तुझ्याच. मला तुझ्यासारखं धावता येतं का?”

“तू मोकळा ठेवतोस म्हणून धावतो.”

“ते माझं कामच आहे.”

“मला माहीत होतं. अडीच वर्षं मी कोणाला बोललो नाही.”

त्याने डोळे मिटले. पाण्यात बर्फ वाजत होता. मग म्हणाला, “हो. ते मात्र तुझं काम होतं.”

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मग त्याने आपण होऊन आईचं सांगितलं. त्याची आई, म्हणजे आंटी लोसा, डॅलसच्या विमानतळावर काम करायची, विमानं रिकामी झाली की आतली सफाई. दुपारच्या सुट्टीत ती कानात इअरफोन घालून फोनवर कॉनीचा कार्यक्रम ऐकायची. रोज. सेमिसीने शंभरदा सांगितलं की आई, ते ऐकू नकोस. तर ती म्हणे, शिव्या का देईनात, माझ्या लेकाचं नाव घेतात ना? मला त्या नावापुरतं ऐकायचं असतं. तिची तक्रार एवढीच होती की ते नाव धड उच्चारत नाहीत. सगळं टोलेडो त्याला ‘फनोआ’ म्हणायचं. मीही.

“फोनूआ,” तो म्हणाला. “मधलं लांब.”

मी तीन वर्षं त्याच्या मागे चार पावलांवर उभा होतो आणि मला त्याचं नाव येत नव्हतं.

त्याच दुपारी मी कॉनीला फोन केला. पुढच्या सोमवारचा तिचा कार्यक्रम पूर्वेकडच्या हंगेरियन क्लबात होता. तिथे दुपारचं जेवण असतं, तळलेले पर्च मासे आणि लाल पाप्रिका मिरचीचा रस्सा, तीन-चारशे माणसं येतात आणि स्थानिक टीव्हीही असतो. मला अर्धा तास आणि मोठा पडदा हवा, असं मी म्हणालो. “काय विकायला येतोयस?” तिने विचारलं. मी म्हणालो, काही विकायचं नाही, एक जुनी चूक दाखवायची आहे. तिला ते आवडलं असावं, कारण तिने तासभर दिला. आमच्या कोचना विचारलं तर ते म्हणाले, “उशीर केलास. पण जा.”

फिल्म बघणाऱ्या माणसाकडून मी वीस खेळ्या काढून घेतल्या. माझ्या सगळ्यात गाजलेल्या पकडी, ज्या लोकांना पाठ होत्या. आणि त्या प्रत्येकीत मी स्वतःवर काळा ठिपका लावून घेतला. पडद्यावर मी दिसतच नव्हतो.

क्लबात गर्दी होती. तिसऱ्या टेबलाशी वडील आणि त्यांचे कारखान्यातले दोस्त काटे-चमचे घेऊन बसले होते. मी सांगितलं की ठिपक्याकडे बघू नका, चौऱ्याण्णवकडे बघा, आणि त्याच्या अंगावर किती माणसं आहेत तेवढंच मोजा. पहिली खेळी सुरू झाली. मग मागच्या कोपऱ्यातून, जिथून गुरुवारी बिंगोचे आकडे पुकारतात, तिथून एक म्हातारी म्हणाली, “दोन.”

पुढची खेळी. “दोन,” चार-पाच आवाज आले.

“दोन.”

“दोन.”

“तीन,” कोणीतरी म्हणालं आणि सगळे पुढे वाकले. थांबवून परत दाखवली. तीनच होते. एकाने तर त्याच्या पाठीवर चढायचंच बाकी ठेवलं होतं. सेमिसीचे पाय ज्या पांढऱ्या रेघेवर होते त्याच रेघेवर राहिले होते. आठव्या-नवव्या खेळीपर्यंत अख्खा क्लब एका सुरात मोजत होता, आणि माशांच्या बशा तशाच गार होत होत्या.

मग मी ठिपका काढला आणि तो नसतानाच्या तीन सामन्यांतल्या खेळ्या लावल्या. मी उडतोय. मी लोळतोय. मी एकदा आमच्याच माणसाच्या अंगावर जाऊन पडतोय. लोक हसले. त्यांनी हसावं अशीच माझी इच्छा होती.

कॉनी हसली नाही. तिने माइक हातात घेतला आणि विचारलं, “हे तुला कधीपासून माहीत आहे?”

“पहिल्या महिन्यापासून.”

“मग आजवर तोंडाला काय झालं होतं?”

मी घरून बरीच वाक्यं तयार करून आणली होती. शिस्त, टीममधल्या गोष्टी टीममध्ये, असली. ती सगळी मी बाजूला ठेवली. “कारण माझं बरं चाललं होतं,” मी म्हणालो. “तुम्ही त्याला फुकट गेला म्हणत होतात, म्हणून मी एवढा मोठा दिसत होतो. मला ते आवडत होतं.”

मी वडिलांकडे बघायचं टाळलं. कॉनी मात्र माझ्याकडे बघत होती. नंतर ती श्रोत्यांकडे वळून म्हणाली की या शुक्रवारी मतं घेणार नाही. ज्यांनी नीट बघितलंच नाही त्यांच्या मताला काय अर्थ, आणि न बघणाऱ्यांत पहिलं नाव तिचं स्वतःचं. रविवारी ती स्टेडियममधून पूर्ण सामना सांगेल, पण फक्त चौऱ्याण्णवचा. चेंडू कुठे गेला ते ज्यांना हवं त्यांनी दुसरं स्टेशन लावावं. शेवटी मला म्हणाली, “त्याचं नाव नीट कसं म्हणायचं ते तरी सांग.”

मी सांगितलं. चारशे माणसांनी तोंडात रस्सा असताना ते म्हणून बघितलं.

वडील माझ्या शेजारी गाडीत बसले. पट्टा लावताना म्हणाले, “तू गप्प राहिलास ते मला आवडलं नाही. बोललास ते आवडलं. आता चल, बर्फ पडायला लागलाय.” घरी गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातला तो फोटो काढला. भिंतीवर फक्त पांढरा चौकोन राहिला.

दुसऱ्या दिवशी कपडे बदलताना सेमिसीने मला सांगितलं की आईने विमानतळावरच्या खोलीत फोनचा आवाज मोठा करून सगळ्या बायकांना तो कार्यक्रम ऐकवला. एवढंच बोलला. मग बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, “ती रविवारी येतेय.” शुक्रवारी डॉक्टरांनी त्याचा घोटा सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला आणि खेळायला मोकळं केलं.

रविवारचा सामना लुईव्हिलशी होता. हंगामातला शेवटचा. जो जिंकेल तो पुढच्या फेरीत, हरेल तो घरी. सरोवरावरून वारा असा येत होता की नाक आहे की गेलं ते चाचपून बघावं लागत होतं. आंटी लोसा आमच्या घरच्यांमध्ये बसली होती. दोन कोटांवरून कमरेला तिने विणलेली चटई गुंडाळली होती, त्यांच्याकडे मानाच्या ठिकाणी जाताना गुंडाळतात तशी. वडिलांनी तिला आपली लोकरी टोपी दिली होती.

लुईव्हिलची पहिली खेळी. चेंडू हलला, सेमिसीवर दोघं आले, मी पळणाऱ्याला पाडला. उठतो तर वरच्या सज्ज्यातून ओरडा आला, “दोन!” मला वाटलं क्लबातलंच कोणी असेल. दुसऱ्या खेळीला तो ओरडा अर्ध्या सज्ज्यातून आला. पहिला डाव संपेपर्यंत साठ हजार माणसं मोजत होती. चेंडू कोणाकडे गेला, कोणी पाडला, याच्याशी त्यांना जणू देणंघेणंच नव्हतं. चेंडू हलायचा आणि स्टेडियम गर्जायचं, “दोऽन!” लुईव्हिलच्या गड्यांना कळेना काय चाललंय. त्यांचा मधला गडी, ज्याला सेमिसीला अडवायचं होतं, तो एकदा आम्हालाच विचारता झाला की ही माणसं मोजतायत काय. सेमिसी म्हणाला, “तुम्हाला.”

मध्यंतरानंतर लुईव्हिलने हट्टाने दोन-तीनदा त्याच्यावर एकच माणूस ठेवून बघितला. त्यातल्या एका खेळीत सेमिसीने त्या माणसाला उचलून त्यांच्याच क्वार्टरबॅकच्या मांडीवर नेऊन बसवला. तेव्हा स्टेडियमने “एऽक” म्हटलं ते, मूल पडल्यावर आई ‘अरेरे’ म्हणते त्या सुरात. लुईव्हिलने पुन्हा तो प्रयोग केला नाही.

शेवटी वीस-सोळाने आम्ही पुढे होतो आणि दीड मिनिट उरलं होतं. चेंडू त्यांच्याकडे, आमच्या गोलरेषेपासून एक यार्डावर. जेमतेम मीटरभर अंतर, ते ओलांडलं की सहा गुण आणि सामना त्यांचा. ते तोडायला त्यांना चार प्रयत्न होते.

पहिला प्रयत्न मधून. सेमिसीने दोघांना छातीवर घेतलं, मी आणि अजून एकाने पळणाऱ्याला धरला. इंचभरही मिळालं नाही. “दोऽन!” दुसरा प्रयत्नही मधून. यावेळी त्यांचा माणूस अर्धा यार्ड मागे पडला. सेमिसी उठला तेव्हा त्याच्या हनुवटीतून रक्त येत होतं आणि तो हळूहळू श्वास घेत होता, गाण्याआधी घेतात तसा. तिसऱ्याला त्यांनी कोपऱ्यात चेंडू फेकला, तो झेलणाऱ्याच्या बोटांना लागून बाहेर गेला.

राहिला एक. त्यांनी खेळ थांबवून मसलत केली. आम्ही गोल करून उभे राहिलो. सेमिसी माझ्या शेजारी होता. तो म्हणाला, “बालोग, ते माझ्यावरूनच येणार. वरून उडी मारतील. मी खाली जातो, तू वर जा.”

“घोटा?”

“घोट्याचं उद्या बघू.”

तो वाकला. हात जमिनीला टेकला. आणि मग स्टेडियममध्ये एक विचित्र गोष्ट झाली. ज्या क्षणी सगळं गाव घसा फाडून ओरडतं त्या क्षणी आवाज खाली आला. लोकांना मोजायचं होतं. मी मागून पाहिलं तर त्यांचे तीन गडी सेमिसीकडे तोंड करून बसले होते, खांद्याला खांदा लावून.

चेंडू हलला. सेमिसी जमिनीलगत घुसला, तिघांच्या खाली, आणि तिथून वर रेटला. मी आयुष्यात तसं पाहिलेलं नाही. तीन माणसांची ती भिंत जागच्या जागी उभी झाली आणि मागे कलली. त्यांचा पळणारा तिच्यावरून झेपावला, पण भिंत जिथे असायला हवी होती तिथे नव्हती, एक पाऊल मागे होती. तो हवेतच अडकला. मी वर गेलो, दोन्ही हातांनी त्याला धरला आणि त्याला गोलरेषा गाठू न देता आम्ही दोघे कोसळलो.

पंचांनी हात फिरवले. चेंडू आमचा. सामना आमचा.

मी त्या ढिगावर आडवा पडलो होतो आणि ऐकत होतो. “तीऽन!” आधी एकदा आलं, सगळं स्टेडियम मिळून. मग ते बदललं. फो-नू-आ. फो-नू-आ. मधलं लांब. साठ हजार माणसं, एकही चूक नाही. ढिगाखालून सेमिसीला बाहेर काढायला आम्ही चौघं लागलो. तो उभा राहिला, त्याने वर बघितलं, आणि पहिल्यांदाच मी त्याला काय करावं ते न कळलेला पाहिला. दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचेना. शेवटी त्याने ते डोक्यावर ठेवले. सज्ज्यात आंटी लोसा खुर्चीवर चढली होती. माझे वडील ती पडू नये म्हणून तिला मागून धरून होते आणि ती टोंगन भाषेत “मालिए! मालिए!” असं ओरडत होती, शाब्बास म्हणतात तसं.

त्या सामन्याचा कागद मी नंतर पाहिला. बालोग, चौदा पकडी. फोनुआ, एकही नाही. काहीच नाही. टीमने त्याला सोडण्याचा विचार त्या आठवड्यात सोडला. तो आमच्याकडे अजून सात वर्षं खेळला आणि कुठल्याही वर्षी त्याच्या पकडी तिसाच्या वर गेल्या नाहीत. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. मुलं त्याची जर्सी घालून शाळेत जायची आणि मैदानात सगळ्यांत पुढे कोण उभं राहणार यावरून भांडायची.

पण मला आठवतं ते त्याच दिवसाचं, सामना संपल्यावर तासाभराने. स्टेडियमबाहेरच्या पार्किंगमध्ये लोक शेगड्या पेटवून थांबले होते, सॉसेज भाजत. आम्ही आंघोळ करून बाहेर आलो. सेमिसीची हनुवटी शिवलेली होती. एका आगीच्या बंबावाल्याने येऊन जरा लाजत विचारलं, की साहेब, एकदा ढकलून बघू का, काय असतं ते कळेल. सेमिसीने माझ्याकडे बघितलं, मग बर्फातच वाकून हात टेकला. म्हणाला, एकटा कशाला, कोणाला तरी सोबत घे. बंबावाला आणि त्याचा मेहुणा खांदे लावून भिडले, लालबुंद झाले आणि त्यांचेच पाय मागे मागे घसरत गेले. लोक हसून लोटपोट झाले. मग दुसरी जोडी आली. मग रांग लागली, दोघं दोघं, शेगड्यांमधून वळत वळत पार दिव्याच्या खांबापर्यंत. ती पार्किंगची पावती रंगवणाराही आला, आपल्या भावाला घेऊन, आणि मान खाली घालून म्हणाला, “माझं चुकलं.” सेमिसी म्हणाला, “आधी ढकल, मग बोलू.”

कॉनी तिचं ध्वनिमुद्रणाचं यंत्र गळ्यात अडकवून आली तेव्हा वडिलांनी तिचा दंड धरला. “चला बाई, तुम्ही आणि मी. आपणच जास्त बोललोय.” एकाहत्तर वर्षांचे माझे वडील आणि उंच टाचांचे बूट घातलेली ती बाई, दोघं चौऱ्याण्णव नंबरच्या खांद्यांना भिडले. वडिलांना धाप लागली. कॉनीचा एक बूट निसटून बर्फात राहिला. सेमिसी जिथे होता तिथे होता. आंटी लोसा बर्फाच्या पेटीवर बसून हसता हसता डोळे पुसत होती. कॉनी लंगडत तिच्याकडे गेली आणि काहीतरी सांगू लागली. आंटीने तिला जवळ बसवून घेतलं आणि हातात गरम सॉसेज दिलं.

दिवे लागले होते. रांग संपत नव्हती. सेमिसीने हातावरचा बर्फ झटकला, पुन्हा वाकला आणि म्हणाला, “पुढचे दोघं.”